मनगटाची वाट: एका रकान्यामागचा इतिहास



आज इतिहासच लिहितोय, पण गड-किल्ल्यांचा नाही. आपल्या मनगटाचा.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी डॉक्टर नाही. शिक्षणाने इंजिनियर, आणि पोटापाण्यासाठी हॉस्पिटलांच्या एक्स-रे विभागांचं सॉफ्टवेअर लिहितो. रक्तवाहिनीत बारीक नळी सरकवून जे उपचार करतात, त्यांच्या नोंदीच्या स्क्रीनवर एक रकाना असतो: नळी कुठून आत घातली? मी या कामाला लागलो तेव्हा त्या यादीत पहिला पर्याय होता उजवी जांघ, दुसरा डावी जांघ, मग कोपर वगैरे, आणि मनगट थेट 'इतर'मध्ये. पुढे मनगटाला स्वतःची ओळ मिळाली. मग एका गिऱ्हाईकाची मागणी आली की मनगट सगळ्यात वर आणा. गंमत म्हणजे ही मागणी हृदयवाल्यांची नव्हती. त्यांनी ती केव्हाच करून घेतली होती. मागणी होती लिव्हर, किडनी, गर्भाशय असे बाकीच्या शरीराचे उपचार करणाऱ्या विभागाची. एक ओळ खालून वर का सरकली, हे शोधता शोधता बरंच वाचन झालं. त्याचाच हा गोषवारा.

मनगटातली नाडी आपल्याला नवी नाही. वैद्यबुवा अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटं ठेवून बघतात तीच ही. सुमारे सातशे वर्षांपूर्वीच्या शार्ङ्गधर संहितेत नाडीपरीक्षा सांगितली आहे, आणि पुरुषाचा उजवा हात, बाईचा डावा ही प्रथा तर आपल्या आजी-आजोबांनाही माहीत होती. डॉक्टर तिला रेडियल धमनी म्हणतात. जाडी जेमतेम २ ते ३ मिलिमीटर, म्हणजे शेवेच्या काडीएवढी. पण तिच्यात दोन गुण आहेत. ती कातडीच्या लगेच खाली आणि हाडाच्या वर असते, त्यामुळे अंगठ्याने दाबली की रक्त थांबतं. आणि हाताला रक्त पुरवणारी ती एकटी नाही. करंगळीच्या बाजूला अल्नर नावाची दुसरी धमनी आहे आणि दोघींचे फाटे तळहातात एकमेकींना जोडलेले असतात. आम्ही सर्व्हर बसवताना एक बंद पडला तर दुसरा असावा म्हणून जे करतो, ते निसर्गाने हातात करून ठेवलंय.

आता इतिहासाकडे. रक्तवाहिन्यांत डाय सोडून एक्स-रे काढायची सुरुवात हृदयापासून झाली असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. १९२७ साली लिस्बनमध्ये एगाश मोनिझ यांनी मानेतल्या धमनीत औषध सोडून मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं चित्र मिळवलं. १९२९ साली त्याच शहरात रेनाल्डो दोस सांतोस यांनी पाठीतून लांब सुई थेट महाधमनीत घालून पोटाच्या रक्तवाहिन्या दाखवल्या. त्याच वर्षी जर्मनीत पंचविशीतल्या वेर्नर फोर्समानने कोपराच्या शिरेतून स्वतःच्याच हृदयापर्यंत नळी सरकवली आणि तसाच चालत एक्स-रे काढायला गेला! त्याला १९५६ साली नोबेल मिळालं. पण ती शीर होती. धमनीत रक्ताचा दाब कितीतरी जास्त असतो, तिथे आत शिरणं ही निराळी गोष्ट.

धमनीतून नळी न्यायची तर कुठून न्यायची? १९४७-४८ च्या सुमारास स्वीडनमधल्या लुंड गावी स्टिग राडनर नावाच्या डॉक्टरांनी मनगट निवडलं. मनगटाची धमनी छेद देऊन उघडी केली, तिच्यातून नळी वर नेली, आणि आधी मेंदूकडे जाणाऱ्या मणक्यालगतच्या धमनीचं आणि मग छातीतल्या महाधमनीचं चित्र काढलं. दोन्ही लेख स्वीडिश मासिक 'ॲक्टा रेडिओलॉजिका'मध्ये आले. म्हणजे बघा, मनगटाची वाट पहिल्यांदा वापरली गेली ती हृदयाच्या धमन्यांसाठी नाही, तर मेंदू आणि महाधमनी बघायला. आज जिला हृदयाकडून आलेली नवी पद्धत म्हणतात, ती खरं तर आपल्या मूळ घरी परत आली आहे.

मग मधली चाळीस वर्षं ती कुठे गेली?

उत्तर आहे त्याच देशातल्या एका तरुणाकडे. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतला स्वेन-इव्हार सेल्डिंगर. १९५३ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्याने एक साधी युक्ती छापली. धमनीत सुई घालायची. सुईतून लवचिक तार आत सोडायची. सुई काढून घ्यायची, तार तशीच ठेवायची. तारेवरून नळी सरकवायची, आणि शेवटी तार ओढून घ्यायची. झालं! छेद नाही, टाके नाहीत. घरात वायरिंग करताना वायरमन भिंतीतल्या पाइपात आधी स्प्रिंग सारतो आणि तिच्या मदतीने वायर ओढतो, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच समजेल. आज जगभर होणारे नळीचे जवळपास सगळे उपचार याच क्रमाने सुरू होतात. पण तेव्हा एवढ्यावर डॉक्टरेट देता येणार नाही असं त्याला सांगण्यात आलं आणि प्रबंध दुसऱ्याच विषयावर करावा लागला. (साध्या युक्तीला कमी लेखणारे वरिष्ठ फक्त आयटीत असतात असं नाही :-)

सेल्डिंगरच्या युक्तीने मनगटाचं मात्र नुकसान झालं. त्या काळच्या सुया आणि नळ्या जाड होत्या. शेवेच्या काडीत त्या मावणार कशा? जांघेतली फेमोरल धमनी चांगली करंगळीएवढी. बोटांना सहज लागते, तिथून महाधमनी सरळ वर. त्यामुळे सगळे जांघेकडे वळले. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये चार्ल्स डॉटर यांनी एका ८२ वर्षांच्या बाईंच्या पायाची अरुंद झालेली धमनी आतून रुंद केली. पाय कापायचा सल्ला मिळाला होता, बाईंनी साफ नकार दिला होता. पाय वाचला. धमनी आतून उघडण्याचा हा उपचारही पहिल्यांदा पायावरच झाला. हृदयाची पहिली फुग्याची अँजिओप्लास्टी झुरिकला अँड्रेआस ग्रुंटझिग यांनी केली ती १९७७ साली, आणि त्यांनीही फुगा आधी पायाच्या धमन्यांत वापरून पाहिला होता.

जांघेची वाट म्हणजे अभिमन्यूचा चक्रव्यूह. आत शिरणं सोपं, अडचण बाहेर पडताना. नळी काढल्यावर त्या मोठ्या धमनीचं भोक बंद करायला दहा-पंधरा मिनिटं जोर लावून दाबायचं, मग रुग्णाने पाय न वाकवता चार-सहा तास उताणं पडून राहायचं. लघवीलाही उठायचं नाही. भोक जरा वर पडलं असेल तर रक्त बाहेर न दिसता पोटाच्या मागच्या पोकळीत झिरपत जातं, आणि बाहेरून काही कळेपर्यंत रुग्ण पांढराफटक पडलेला असतो. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर धोका आणखी. हे सगळ्यांना माहीत होतं. पण जोपर्यंत 'आत कुठून सोपं?' हाच प्रश्न होता, तोपर्यंत उत्तर जांघ हेच होतं.

प्रश्न बदलला तो हृदयाच्या डॉक्टरांमुळे. १९८९ साली मॉन्ट्रियलच्या ल्युसियाँ काम्पो यांनी १०० रुग्णांची हृदयाची अँजिओग्राफी मनगटातून करून दाखवली. तोवर नळ्या बारीक झाल्या होत्या. १९९२ साली ॲमस्टरडॅमच्या फर्डिनांड किमेनाय यांनी मनगटातून अँजिओप्लास्टी केली, पुढे स्टेंटही बसवले. वेळ महत्त्वाची होती. स्टेंट तेव्हा नवे होते, ते बंद पडू नयेत म्हणून रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा मारा करत आणि जांघेतून रक्तस्राव होणारे रुग्ण वाढत होते. शिरायला अवघड पण दाबायला सोपी अशी मनगटाची वाट तेव्हा पटली. आपल्याकडे अहमदाबादच्या डॉ. तेजस पटेल यांनी हे तंत्र उचललं, त्यावर सचित्र ॲटलास काढला आणि देशोदेशीच्या डॉक्टरांना शिकवलं.

पुरावा यायला मात्र वेळ लागला. २०११ साली 'रायव्हल' या चाचणीत ३२ देशांतले ७,०२१ रुग्ण होते. नळी घातलेल्या जागेच्या मोठ्या तक्रारी जांघेत ३.७ टक्के, मनगटात १.४ टक्के. २०१५ च्या 'मॅट्रिक्स' चाचणीत ८,४०४ रुग्ण होते, आणि तिथे महिन्याभरातले मृत्यूही मनगटाच्या गटात कमी निघाले. त्याच वर्षी युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत मनगटाला पहिली पसंती मिळाली.

इथपर्यंतची गोष्ट काहींनी वाचली असेल. माझ्या रकान्याची गोष्ट याच्या पुढची आहे.

हृदयवाल्यांसाठी कारखान्यांनी जी बारीक, निसरडी अवजारं बनवली, ती बाकीच्यांनी मागून घेतली. जपानमधल्या डॉक्टरांनी २००१ साली मनगटातून केलेल्या मेंदूच्या १६६ अँजिओग्राफींचा अहवाल छापला. राडनर यांचं काम पन्नासेक वर्षांनी पुन्हा सुरू झालं, या वेळी छेद न देता. २००३ साली जपानमधूनच लिव्हरच्या कर्करोगावर मनगटातून उपचार केल्याचा लेख आला. २०१४ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय हॉस्पिटलमधून गर्भाशयातल्या गाठींवर मनगटातून केलेल्या उपचारांचा लेख आला, आणि २०१६ साली त्यांनीच हृदय सोडून बाकी शरीराच्या पहिल्या १,५०० मनगटी उपचारांचा हिशेब मांडला. शंभरातल्या सुमारे अठ्ठ्याण्णव वेळा काम मनगटातूनच पूर्ण झालं, जांघेकडे वळावं लागलं नाही.

इथे भूमिती फार सुंदर आहे. महाधमनी हृदयातून निघून कमानीसारखी वळते आणि खाली पोटात उतरते. कमानीवरून आधी उजव्या हाताचा आणि डोक्याच्या उजव्या बाजूचा फाटा निघतो, मग डाव्या बाजूने डोक्याकडे जाणारा, आणि शेवटी डाव्या हाताचा. मेंदूकडे जायचं तर उजवं मनगट सोयीचं. पण पोटाकडे जायचं तर डावं. कमानीच्या शेवटच्या फाट्यातून आलेली नळी डोक्याकडे जाणाऱ्या बहुतेक वाटा न ओलांडता सरळ खाली उतरते. वाटेतला कचरा सुटून मेंदूत जाण्याची भीती त्यामुळे कमी. नाडी बघताना उजवा-डावा ठरायचा तो बाई-पुरुष पाहून, इथे ठरतो तो मुक्काम कुठे आहे ते पाहून.

शिवाय लिव्हर, आतडी, किडनी यांच्या धमन्या महाधमनीतून बहुधा खालच्या दिशेने तिरप्या निघतात. जांघेतून वर येणाऱ्या नळीला तिथे यू-टर्न घ्यावा लागतो. मनगटातून येणारी आधीच खाली निघालेली असते, उतारावरून फाटा पकडावा तशी ती आत जाते. गर्भाशयाला दोन्ही बाजूंनी रक्त येतं. एका जांघेतून दोन्हीकडे पोचायचं तर नळीला बऱ्याच कसरती कराव्या लागतात. वरून आलं की दोन्ही फाटे समोरच.

लिव्हरच्या गाठीचा उपचार मी जवळून पाहिलाय, फोनवरून का होईना. माझ्या मामाला लिव्हरमध्ये गाठ निघाली. लिव्हरला बहुतांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या मोठ्या शिरेतून मिळतं, पण अशी गाठ मात्र मुख्यतः धमनीच्या रक्तावर पोसते. म्हणून त्या धमनीपर्यंत नळी न्यायची, तिथेच औषध सोडायचं आणि गाठीची रसद तोडायची. (गनिमी काव्यातली गोष्ट!) मामाचा पहिला उपचार जांघेतून झाला. त्याची कंबर आधीच कामातून गेलेली. सहा तास उताणं पडणं हेच त्याला गाठीपेक्षा जड गेलं. दुसऱ्या वेळी दुसऱ्या डॉक्टरांनी डाव्या मनगटातून केलं. लिव्हरच्या रुग्णात रक्त गोठायची शक्ती कमी झालेली असते, त्यामुळे सहज दाबता येणारी जागा बरी, असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळी मामाचाच फोन आला, "अरे, खुर्चीत बसून उपमा खातोय. मामी म्हणते, गेल्या वेळचा पेशंट हाच का?"

मामा त्यानंतर दीड वर्ष होता. मनगटाने त्याचं आयुष्य वाढवलं असा माझा दावा नाही. औषध तेच होतं, आजारही तोच. पण ज्याच्याकडे दिवस मोजकेच उरलेत, त्याचा एक दिवस छताकडे बघत गेला की माणसांशी बोलत गेला, हा फरक कुठल्या टक्केवारीत बसवणार?

आता दुसरी बाजू. ती न सांगता थांबलो तर जाहिरात होईल.

पहिली अडचण लांबीची आणि जाडीची. नळीची जाडी 'फ्रेंच'मध्ये मोजतात. शारिएर नावाच्या पॅरिसच्या अवजारं बनवणाऱ्या कारागिराने एकोणिसाव्या शतकात हे माप ठरवलं: एक फ्रेंच म्हणजे एक तृतीयांश मिलिमीटर. मनगटात साधारण पाच-सहा फ्रेंच मावतात. जाड स्टेंट बसवायचा तर जांघच. मनगटापासून पायाच्या पोटरीपर्यंत जायचं तर नळी दोन मीटरच्या आसपास लांब लागते, आणि इतक्या लांब नळीच्या टोकापर्यंत बोटांची हालचाल पोचवणं ही अवघड कारागिरी. अशा लांब नळ्या गेल्या दशकात बाजारात आल्या, पण निवड अजून मर्यादित आहे. मेंदूतली गुठळी तातडीने काढायची असते तेव्हा मिनिटामिनिटाचा हिशेब असतो, आणि तिथे अनेक निष्णात डॉक्टर आजही जांघेतूनच जातात. वर दिलेले मोठ्या चाचण्यांचे आकडे हृदयरुग्णांचे आहेत, हेही विसरू नये. बाकी शरीरासाठीचा पुरावा बराचसा एकेका हॉस्पिटलच्या अनुभवाचा आहे.

दुसरी अडचण: उपचारानंतर काही रुग्णांची मनगटाची धमनी कायमची बंद होते. करंगळीकडची धमनी हात सांभाळते, म्हणून रुग्णाला बहुधा पत्ताही लागत नाही. फक्त नाडी लागत नाही. दुसऱ्या धमनीची परीक्षा करायची युक्ती मेयो क्लिनिकच्या एडगर ॲलन यांनी १९२९ सालीच सांगितली होती, वेगळ्याच आजारासाठी. आज ती अशी करतात: दोन्ही धमन्या दाबायच्या, मूठ उघडझाप करायची, मग करंगळीकडची सोडून तळहात किती लवकर लाल होतो ते बघायचं. २००८ साली पेनसिल्व्हेनियातल्या डॉ. समीर पंचोली यांनी ४३६ रुग्णांत दाखवलं की पट्टा करकचून न आवळता, रक्त थांबेल पण आतला प्रवाह चालू राहील इतकाच दाबला, तर एका दिवसानंतर बंद सापडणाऱ्या धमन्यांचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ५ वर येतं. नवं यंत्र नाही, महाग औषध नाही. पट्टा थोडा सैल, एवढंच. सेल्डिंगरला आवडलं असतं.

आणखी एक वाट निघाली आहे. अंगठा ताणून वर केला की मनगटाजवळ खळगा पडतो, तो आपल्या आजोबांच्या तपकिरीचा. शरीरशास्त्रातही त्याचं नाव तपकिरीची डबी असंच आहे! तिथे हीच धमनी पुढे जाते. मॉस्कोच्या बाबुनाश्विली यांनी २०११ साली आणि नंतर २०१७ साली त्याच किमेनाय यांनी तिथून शिरण्याबद्दल लिहिलं. तिथली धमनी बंद पडली तरी मनगटातला मुख्य प्रवाह सहसा शाबूत राहतो.

हे का महत्त्वाचं? १९६६ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या ब्रेशिया, चिमिनो आणि सहकाऱ्यांनी मनगटाची धमनी शेजारच्या शिरेला जोडून डायलिसिससाठी कायमची जागा बनवली. आजही किडनीच्या रुग्णाला ती जागा लागते. ज्याची किडनी हळूहळू निकामी होतेय, त्याच्या मनगटातून आज सोयीसाठी शिरलो तर उद्याची डायलिसिसची जागा आपणच वाया घालवू शकतो. आपल्या किती घरांत मधुमेह आणि किडनी हे शब्द एकाच दमात येतात, ते मी सांगायला नको.

म्हणून हा सगळा पसारा. आपण इथे, आईवडील, काका-मामा तिकडे. उपचार ठरतो आणि आपल्या हाती असतो फक्त फोन. औषध कुठलं, हे आपल्याला कळत नाही आणि त्यात नाक खुपसूही नये. पण तीन प्रश्न कुणीही विचारू शकतं. नळी कुठून घालणार, आणि तिथूनच का? तिथून हा उपचार तुम्ही नेहमी करता का? आणि किडनीचा त्रास असेल तर त्या हाताचा विचार झालाय ना? डॉक्टरांनी 'जांघच बरी' म्हटलं तर त्यालाही सबळ कारण असू शकतं, पण ते कारण ऐकायला मिळावं. नळी काढल्यावर रुग्णाचं काय, हा प्रश्न पुढे यायला राडनर यांच्यानंतर चाळीसेक वर्षं लागली. आपल्याला तो एका फोनमध्ये विचारता येतो.

आपल्यापैकी कुणी या क्षेत्रातले डॉक्टर असतील तर त्यांनी जरूर भर घालावी. घरी कुणाचा असा उपचार झाला असेल तर तो अनुभवही वाचायला आवडेल.